न लागलेला फटका

१९३८ साली आयकिडो या जपानी युद्धकलेचे जनक मोरिहेई उएशिबा यांनी 'बुदो' नावाची एक छोटी सराव-पुस्तिका काढली. तंत्रं दाखवणाऱ्या छायाचित्रांत ते स्वतःच आहेत. आयकिडो म्हणजे निव्वळ बचाव, समोरच्याने अंगावर यावं आणि आपण त्याचाच जोर वळवून त्याला खाली आणावं, अशी समजूत सर्वत्र आहे. ती घेऊन जो ही पुस्तिका उघडेल, तो सुरुवातीच्या तंत्रापाशीच थबकेल. दोघं समोरासमोर उभे आहेत. कोणीही हल्ला केलेला नाही. उएशिबा स्वतः पाऊल पुढे टाकतात, उजव्या तळहाताची कड समोरच्याच्या चेहऱ्यावर आणतात आणि डावी मूठ बरगड्यांकडे नेतात. समोरचा माणूस चेहरा वाचवण्यासाठी हात वर घेतो. तोच हात ते धरतात, कोपर वळवून खाली दाबतात आणि त्याला पालथा जमिनीवर नेऊन ठेवतात. आज जगभरच्या डोजोंमध्ये, म्हणजे सरावगृहांमध्ये, नवशिक्याला सर्वांत आधी शिकवलं जाणारं 'इक्क्यो' ते हेच.

आता यातला चेहऱ्यावर आलेला हात पाहा. तो लागला का? नाही. लागावा असा उद्देश होता का? समोरच्याने हात वर केलाच नसता तर लागला असता, आणि म्हणूनच त्याला हात वर करावा लागला. उएशिबांना त्या माणसाचं नाक फोडायचं नव्हतं. त्यांना त्याचा हात हवा होता, आणि तो त्याने आपणहून आणून दिला. बुद्धिबळात शह दिला की समोरच्याला आपला बेत बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो. शह देणाऱ्याला त्याच चालीत राजा मिळत नाही, पण पुढची चाल कुठे होणार हे मात्र तो ठरवतो. आयकिडोतल्या फटक्याचं, 'अतेमी'चं, काम नेमकं हे आहे. बहुतेक लोक त्याला तंत्राला लावलेली जोड समजतात. माझ्या मते तंत्र तिथूनच सुरू होतं, आणि अतेमी समजल्याशिवाय आयकिडो समजणं अवघड आहे.

हे शरीराच्या बाजूने समजून घेऊ. एखादी वस्तू वेगाने डोळ्यांकडे आली की पापण्या मिटतात, मान मागे जाते, खांदे आक्रसतात, हात चेहऱ्याकडे धावतात. यातलं काहीच आपण ठरवून करत नाही. डोळ्यांनी पाहून, विचार करून हालचाल करायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. अंग चोरण्याची ही प्रतिक्रिया त्याच्या आधीच सुरू झालेली असते. आता तोल कसा जातो ते बघा. माणसाचं डोकं साडेचार ते पाच किलोंचं असतं आणि ते शरीराच्या सर्वांत उंच टोकावर असतं. ते मान-खांद्यांसकट मागे गेलं की वजन टाचांकडे सरकतं आणि पायाची बोटं हलकी होतात. उभ्या माणसाला पुढे-मागे आधार फक्त पावलांच्या लांबीएवढाच असतो. वजन टाचांवर गेलेल्या माणसाला ढकलायला ताकद लागत नाही. अगदी बेताचा दाब पुरतो, पण तो त्याच क्षणी, त्याच दिशेने द्यावा लागतो. जपानी युद्धकलांत तोल मोडण्याच्या या क्रियेला 'कुझुशी' म्हणतात. ज्युडोत ती बाही आणि गळपट्टी ओढून साधतात. आयकिडोत बऱ्याचदा धरायला हातात काहीच नसतं, अंतर जास्त असतं, म्हणून तिथे हे काम चेहऱ्याकडे निघालेल्या हाताला करावं लागतं.

सरावातलं एक तंत्र जवळून पाहू. आयकिडोत हल्ला करणाऱ्याला 'उके' म्हणतात आणि तंत्र करणाऱ्याला 'तोरी'. उकेने डाव्या हाताने तोरीचं उजवं मनगट घट्ट धरलं आहे. तोरीला 'शिहो-नागे' करायचं आहे, म्हणजे त्या धरलेल्या हाताखालून पलीकडे जाऊन, वळून, उकेचा हात त्याच्याच खांद्यामागे दुमडून त्याला मागे पाडायचं आहे. पुस्तकात हे सोपं दिसतं. पण नीट पाहिलं तर मधे एक धोक्याची जागा आहे. उकेच्या पुढून, त्याच्या हाताखालून जाताना तोरीचा चेहरा उकेच्या मोकळ्या उजव्या मुठीसमोर येतो. उके मनगट धरून उभा आहे, त्याचे दोन्ही पाय रोवलेले आहेत आणि दुसरा हात रिकामा आहे. त्याने तो मारायचं ठरवलं तर तोरीजवळ काही उपाय नाही. म्हणून जाणता शिक्षक काय करतो? पकड बसते न बसते तोच तो किंचित तिरका सरकतो आणि मोकळा डावा हात मुठीच्या पाठीने उकेच्या चेहऱ्यावर आणतो. उकेपुढे दोनच वाटा उरतात. मोकळा हात चेहऱ्यावर घ्यायचा, किंवा मान फिरवून मागे व्हायचं. पहिली वाट घेतली तर धोक्याची मूठ कामाला जुंपली गेली. दुसरी घेतली तर वजन टाचांवर गेलं. दोन्ही वेळा लक्ष मनगटावरून उडतं आणि पकड क्षणभर सैल होते. तोरी हाताखालून जातो तो याच क्षणात.

हा हात मधून काढून टाका आणि तेच तंत्र पुन्हा करा. उके ताठ उभा, पकड घट्ट, तोल जागच्या जागी. मग तोरी एकतर त्याचा हात जोराने उचलतो, पिळतो, खांदा ओढतो, म्हणजे सांध्यावर बळजबरी करतो. नाहीतर उके समजूतदारपणा दाखवून स्वतःच हलका होतो आणि पडून देतो. पहिल्यात इजा होते, दुसऱ्यात खोटेपणा शिरतो. चेहऱ्याकडे येणारा हात हिंसक वाटतो आणि न मारता केलेली फेक सौम्य वाटते, पण प्रत्यक्षात उलटं घडतं. हात आला तर मनगट, कोपर, खांदा यांच्यावर जोर करण्याची वेळच येत नाही. आयकिडो कोणाला जायबंदी न करता थांबवण्याची कला असेल, तर ते अतेमीमुळेच जमतं असं मी म्हणेन.

याचं मूळ आयकिडोच्या आधीचं आहे. उएशिबा १८८३ साली वाकायामा प्रांतातल्या तानाबे गावी जन्मले. १९१२ मध्ये ते वसाहतकऱ्यांचा एक गट घेऊन होक्काइदो बेटावरच्या शिराताकीला गेले, आणि १९१५ मध्ये तिथल्या एंगारू गावी त्यांची गाठ सोकाकू ताकेदा यांच्याशी पडली. ताकेदा (१८५९-१९४३) हे दाइतो-र्यू या जुजुत्सू परंपरेचे कठोर शिक्षक होते. सांध्यांवरचे पेच, जमिनीवर दाबून ठेवणं, मनगट पिळून फेकणं हे सगळं उएशिबांना त्यांच्याकडून मिळालं, आणि त्या पेचांत जागोजागी फटके पेरलेले होते. हत्यारांच्या काळात वाढलेल्या या कलांत मनगट धरण्यालाही कारण होतं. समोरच्याला तलवार उपसू द्यायची नाही, म्हणून त्याचा हात धरायचा. ज्याचा हात धरला त्याला तो सोडवून हत्यार काढायचं असे, धरणाऱ्याचा दुसरा हात कट्यारीकडे जाऊ शकत असे. अशा जागी समोरच्याच्या मोकळ्या हाताचा विचार न करणं म्हणजे मरण. आज बराचसा सराव रिकाम्या हातांनी होतो, पण आयकिडोतले हल्ले अजून तलवारीच्या वाराच्या रेषेतच येतात. 'शोमेन-उची' डोक्यावर सरळ उतरते, 'योकोमेन-उची' तिरकी कानशिलावर येते. हाताच्या कडेला 'तेगाताना', म्हणजे हाताची तलवार, म्हणायचं ते त्यामुळेच.

अतेमीबद्दल सर्वांत जास्त वेळा सांगितलं जाणारं वाक्य गोझो शिओदा यांच्याकडून आलेलं आहे. शिओदा (१९१५-१९९४) १९३२ मध्ये उएशिबांच्या टोकियोतल्या डोजोत दाखल झाले. तिथला सराव इतका कडक होता की लोक त्या जागेला 'नरक डोजो' म्हणत. खऱ्या झुंजीत अतेमी सत्तर टक्के आणि फेक तीस टक्के, असं गुरू सांगत असत, हे शिओदांनी लिहून ठेवलं आहे. हे आकडे कोणी मोजलेले नाहीत, आणि तसे ते घ्यायचेही नाहीत. पण ते वाचून पुष्कळजणांना वाटतं की उएशिबा प्रत्यक्षात ठोसेबाजी शिकवत होते आणि जग उगाच त्यांना शांतिदूत म्हणतं. शिओदांचं पुढचं स्पष्टीकरण वाचलं की हा गैरसमज राहत नाही. त्यांच्या लेखी अतेमी फक्त मुठीने होत नाही. समोरचा जोरात येत असताना आपल्या शरीराचा जो भाग त्याला योग्य क्षणी, योग्य कोनात भिडेल, त्या भागाची अतेमी होते. खांदा, कोपर, पाठ, काहीही.

शिओदांच्या जुन्या चित्रफिती पाहायला मिळतात. उंची पाच फुटांच्या आसपास, अंगाने सडपातळ. एखादा धिप्पाड शिष्य मागून धावून येतो, शिओदा वळूनही पाहत नाहीत, फक्त नेमक्या वेळी कंबर किंचित मागे नेतात, आणि तो माणूस त्यांच्या पाठीवर आदळून फेकला जातो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे ठरवून केलेलं वाटतं. पण धावणाऱ्या माणसाचा एक पाय हवेत असतो, वजन पुढे झुकलेलं असतं. त्या क्षणी त्याला सगळ्या शरीराच्या वजनानिशी कोणी भिडलं, तर त्याच्याच वेगाने त्याचं काम होतं. शिओदांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या योशिनकान शाखेत टोकियोच्या दंगलविरोधी पोलिसांना प्रशिक्षण दिलं जातं. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या जमावात उतरणाऱ्या लोकांना हे शिकवलं जातं, यावरून या बाजूचं महत्त्व लक्षात यावं.

या सगळ्याचा स्वच्छ, शास्त्रशुद्ध विचार मला केंजी तोमिकी यांच्याकडे दिसतो. तोमिकी (१९००-१९७९) मुळात ज्युडोचे, जिगोरो कानो यांच्या परंपरेतले. कानोंनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली तेव्हा त्यांच्यापुढे एक पेच होता. जुन्या जुजुत्सूतले फटके खुल्या लढतीत ठेवले तर माणसं जखमी होतात आणि काढले तर कला अर्धी राहते. त्यांनी फटके खुल्या सरावातून काढले आणि ठरावीक क्रमाच्या 'काता' प्रकारात जपले. तोमिकी पुढे उएशिबांकडे शिकले, आणि वासेदा विद्यापीठात शिकवताना त्यांनी हाच प्रश्न आयकिडोपुढे ठेवला. फटका सुरक्षित ठेवून खुल्या सरावात आणता येईल का?

त्यांचं उत्तर साधं आणि धाडसी होतं. फटक्यातून वेदना काढून टाका आणि तोल मोडणं तेवढं ठेवा. त्यांच्या पद्धतीत सतरा मूळ तंत्रं आहेत. पाच अतेमीची, पाच कोपराची, चार मनगटाची आणि तीन ज्यांत उके जवळजवळ हवेतच तरंगतो. क्रमात सर्वांत आधी अतेमी येते, आणि त्यातली पहिली 'शोमेन-आते'. ती करताना तोरी उकेचा पुढे आलेला हात बाजूला लावतो, पाऊल आत घालतो आणि उघडा तळहात त्याच्या हनुवटीखाली ठेवतो. ठेवतो, मारत नाही. मग कंबरेतून पुढे जातो. हनुवटी वर गेली की पाठीचा कणा मागे वाकतो, टाचा अडखळतात, आणि उके उताणा पडतो. तळव्याचा आवाजही होत नाही. मुठीचा ठोसा थोड्या जागेवर, थोड्या क्षणात जोर सोडतो आणि इजा करतो. तळहाताने दिलेला दाब जास्त वेळ आणि जास्त अंतर चालतो, म्हणून तो हाड न फोडता माणसाचं अख्खं शरीर हलवतो. दोन्हींना अतेमी म्हणायचं, पण दोन्हींची कामं वेगळी आहेत हे तोमिकींनी ज्या नेमकेपणाने मांडलं, तसं क्वचितच कोणी मांडलं असेल. आयकिडोत स्पर्धा असाव्यात की नाही, यावरून त्यांचं उएशिबांच्या मुख्य संघटनेशी जमलं नाही. पण फटका आणि फेक यांच्यात भिंत नाही, फेक म्हणजे पुढे लांबवलेला फटकाच आहे, ही त्यांची मांडणी, स्पर्धेच्या बाजूचे असोत वा विरोधातले, सर्वांनी वाचावी अशी आहे.

एकदा ही दृष्टी आली की बाकीची तंत्रंही वेगळी दिसू लागतात. 'इरिमी-नागे' या तंत्रात तोरी उकेच्या बगलेने मागे शिरतो आणि आपला हात त्याच्या हनुवटीवरून खाली आणत त्याला पाडतो. तोच हात जरा आधी, जरा वेगाने आला असता तर जबड्यावर बसला असता. जागा तीच, रेषा तीच, पावलं तीच. मारायचं की वाहून न्यायचं हे तोरी शेवटच्या क्षणी ठरवतो. आणि ठरवता येण्यासाठी मारता येईल अशा जागी पोचलेलं असावं लागतं. जो मारता येणार नाही अशा अंतरावरून फेकायला जातो, तो दयाळूही ठरत नाही, त्याच्याकडे पर्यायच नसतो.

म्हणूनच अतेमी हे स्वतःला तपासण्याचंही साधन आहे. जपानी युद्धकलांत दोघांमधल्या अंतराला 'मा-आई' म्हणतात. तंत्र करताना मधेच थांबून पाहावं: या क्षणी माझा हात त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचतो का? त्याचा माझ्यापर्यंत पोचतो का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल तर आपण योग्य जागी आहोत. उलट असेल तर फेक कितीही देखणी दिसली तरी ती उकेच्या मेहेरबानीवर चालली आहे. उकेलाही यातून शिकायला मिळतं. चेहऱ्यावर हात येणार हे माहीत असलेला उके मान खाली घालून लटकत नाही. डोळे उघडे ठेवतो, मोकळा हात जागा ठेवतो, वेळेवर अंग वळवून पडतो. चांगलं पडणं हे स्वतःला वाचवणं आहे, आणि कशापासून वाचवायचं हे अतेमीमुळे कळतं.

मग इतकी महत्त्वाची गोष्ट अनेक डोजोंमध्ये जवळजवळ दिसेनाशी का झाली? महायुद्धानंतर आयकिडो सामान्य लोकांत पसरलं. उएशिबांचे चिरंजीव किशोमारू (१९२१-१९९९) यांनी त्याची संघटना बांधली, देशोदेशी शिक्षक गेले. कचेरीतून सुटून येणारी माणसं, विद्यार्थी, वयस्कर लोक मॅटवर आले. त्यांना रोज चेहऱ्यावर हात घेऊन सराव करायला लावणं शक्य नव्हतं. शिवाय युद्धाची झळ सोसलेल्या समाजाला सामंजस्याचं बोलणं हवं होतं, आणि उएशिबाही उतारवयात तेच बोलत होते. म्हणून हालचाली मोठ्या, गोलाकार, वाहत्या झाल्या आणि फटका गृहीत धरला जाऊ लागला. गृहीत धरण्यात चूक काहीच नव्हती. पहिल्या पिढीला तो कुठे दडला आहे हे ठाऊक होतं. पुढच्या पिढीला ते कोणी सांगितलं नाही.

ते सांगत राहणारेही होते. इवामा गावी उएशिबांजवळ अनेक वर्षं राहिलेले मोरिहिरो साइतो (१९२८-२००२) प्रत्येक तंत्रात अतेमी कुठे आणि का, हे बोट ठेवून दाखवत. अमेरिकी अभ्यासक स्टॅन्ली प्रॅनिन यांनी त्यांना ती विस्मरणात गेलेली १९३८ ची पुस्तिका दाखवली, तेव्हा आपण शिकवतो ते गुरूंच्या छायाचित्रांशी जुळतं हे पाहून साइतोंना मोठा आनंद झाला, आणि पुढे ते शिबिरांतून ती पुस्तिका उघडून दाखवत असत. कराटे, ज्युडो आणि तलवार यांतून आलेले शोजी निशिओ (१९२७-२००५) तर म्हणत की आयकिडोत पहिल्या स्पर्शाच्या आधीच अतेमीची जागा तयार व्हायला हवी. त्यांच्या हालचालीत फटका फार क्वचित लागलेला दिसतो, पण तो लागू शकत नव्हता असा क्षण सापडत नाही.

उलट्या टोकाची चूकही होते. काही ठिकाणी अतेमी 'परत आणायची' म्हणून प्रत्येक तंत्राआधी चेहऱ्यासमोर एक हात झटकला जातो. तो दोन वीत लांबून जातो, उके त्याकडे लक्षही देत नाही आणि पुढे सगळं पूर्वीसारखंच चालतं. असा झटका नसलेलाच बरा. उकेची मान हलली नाही, हात उठला नाही, टाच दबली नाही, तर ती अतेमी झाली नाही. त्याउलट अंगात जोर आहे म्हणून साथीदाराचे ओठ फोडणारेही असतात. त्यांना डोजोत कोणी थोपवत नसेल तर दोष शिक्षकाचा आहे. सरावातला हात चेहऱ्याच्या रेषेत, खऱ्या अंतरावर, खऱ्या वेळी यावा आणि उकेने तो अडवला नाही तर त्वचेशी थांबावा. हे जमवायला वर्षं लागतात, आणि त्याला वेळ देणं म्हणजेच उकेचा मान राखणं.

तुम्ही आयकिडो शिकत असाल, तर पुढच्या सरावात एवढं करून पाहा. शिहो-नागेसाठी उकेच्या हाताखाली जाण्याआधी तिथेच थांबा आणि त्याचा मोकळा हात कुठे आहे ते पाहा. मग तुमचा मोकळा हात सावकाश त्याच्या चेहऱ्याकडे न्या, पोचतो का ते बघा, आणि पोचत नसेल तर पाऊल बदला. इरिमी-नागेला आणि इक्क्योलाही हेच करा. आणि तुमच्या शिक्षकांना प्रत्येक तंत्रात विचारा, 'इथे अतेमी कुठे आहे?' चांगला शिक्षक या प्रश्नाने रागावत नाही, तो लगेच दाखवतो.